पद्मिनी ओव्हर होते तेव्हा

नांदेड, 20 एप्रिल 2025

चि. माईस,


पत्र पोचलं. अप्पांची पद्मिनी सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, पण लातूरच्या गंजगोलाईत वीस मिनिटं उभी केली की काही केल्या चालू होत नाही आणि बॉनेटखालून पेट्रोलचा वास येतो, असं तू लिहिलंस. मिस्त्री अख्खा कार्बोरेटर बदला म्हणतोय. माई, एवढ्यात बदलू नकोस. निम्मं निदान तुझ्या पत्रातच आलंय.

चालू न होणाऱ्या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एकीला पेट्रोल मिळत नाही, दुसरीला जास्त झालेलं असतं, म्हणजे ती ओव्हर झालेली असते. बाहेरून दोघी सारख्याच. सेल्फ फिरतो, इंजिन ढिम्म. पण औषधं अगदी उलटी. उपाशी गाडीला चोक ओढायचा. ओव्हर झालेल्या गाडीचा चोक ओढला की ती आणखी बुडते. म्हणून आधी वास घ्यायचा, मगच चोकला हात लावायचा.

हे मी शिकलो ते 30 सप्टेंबर 1993 ला. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक नुकते आडवे झालेले, आणि पहाटे 3.56 ला जमीन हलली. उजाडल्यावर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव कानावर आलं. तू आणि तुझी आई लातूरला, फोन लागेना. अप्पा गाडीत बसले, चोक पुरता ओढला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत, सोडत, दाबत सेल्फ मारत राहिले. प्रत्येक दाबासरशी कार्बोरेटरमधला छोटा पंप आत कच्च्या पेट्रोलची पिचकारी सोडतो. अप्पांना हे ठाऊक होतं, पण त्या घटकेला काही सुचत नव्हतं. गल्लीतल्या मिस्त्रींनी त्यांचा हात किल्लीवरून बाजूला केला. चोक आत ढकलला आणि म्हणाले, दहा मिनिटं थांबा. ती दहा मिनिटं अप्पांनी कशी काढली ते मी पाहिलंय. मग मिस्त्रींनी त्यांना अ‍ॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरायला लावला, पाय जराही न हलवता. थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की भरपूर हवा शिरते आणि साचलेलं पेट्रोल सिलेन्सरवाटे निघून जातं. सेल्फ सलग फिरवला, गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही पोचलो तेव्हा तुझी आई अंगणात बसली होती, तू तिच्या मांडीवर.

पाय आणि चोक, हे दोन्ही लक्षात ठेव. एवढं करूनही चालू झाली नाही तर प्लग काढून पुसून वाळव. त्या वेळी जवळ कोणाला विडी पेटवू देऊ नकोस.

आता तुझं दुखणं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडाची धग तशीच राहते आणि ती वर कार्बोरेटरला चढते. पेट्रोलमधला हलका भाग साधारण 35-40 अंशांपासूनच उकळू लागतो. एप्रिलमध्ये लातूरची हवाच तेवढी तापलेली, बॉनेटखालचं तर विचारूच नकोस. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात ओघळतं. तासाभराने ते उडून जातं आणि गाडी मुकाट चालू होते. हे उन्हाचं काम. कार्बोरेटर बदलून ऊन थोडंच बदलणार आहे?

पण खात्री करून घे. एअर फिल्टर काढ, गाडी चालू करून सावकाश चालू दे आणि कार्बोरेटरच्या गळ्यात बॅटरीच्या उजेडात बघ. इंजिन चालू असतानाच मधल्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर दोष नीडलचा. वाटी भरली की फ्लोट वर येतो, नीडलला सीटवर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. तिथे कचऱ्याचा एक कण अडकला तरी पेट्रोल येतच राहतं. फ्लोट पितळी असेल तर काढून कानाशी हलवून बघ. आत खळखळ वाजली तर त्याला भोक आहे. गाडी थांबवल्यावरच टपकत असेल तर मात्र उष्णताच.

मला नीडलचाही संशय आहे, कारण अप्पांच्या काळातलं पेट्रोल आता मिळत नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या मांजराकाठच्या उसापासूनही ते बनतं, आणि शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण जुन्या रबराला ते सोसत नाही. शिवाय ते पाणी ओढून घेतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सुटा करतं. तो गाळ येऊन बसतो कुठे? नीडलच्या सीटवर. म्हणून नवा कार्बोरेटर बसवलास तरी महिन्याभरात तोही ओव्हर होईल. आधी टाकी धुवून घे, इथेनॉल सोसणारे नवे पाइप टाक, इंधन पंपाच्या आधी फिल्टर बसव, मग नीडल-सीट बदल.

ही गाडी कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीत झाली, आणि तिचं सगळं पेचकस-पान्याने उघडावं असंच बनवलंय. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी बातमी वाचून मी अप्पांच्या गाडीवरची धूळ पुसून आलो होतो. तिचा जुना कार्बोरेटर काढून भंगारात टाकलास तर माझ्या जिवाला लागेल.

एक काम आजच कर. ऑइलची डिपस्टिक काढून हुंग. पेट्रोलचा वास आला तर ते खाली ऑइलमध्ये उतरलंय; मग ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालू करू नकोस, बेअरिंगं जातील. वास नसेल तर दुपारी गाडी सावलीत लावून बॉनेट उघडं ठेव.

रविवारी येतो. नीडल-सीट आणि पाइप इथून आणतो. डिपस्टिकचं काय ते रात्री फोनवर सांग.

तुझा,
मामा