रिपोर्टमधला शेंगदाणा आणि ताटातला शेंगदाणा

हल्ली माझ्या ओपीडीत मुलाच्या आधी त्याची फाइल आत येते. तिच्यात ‘फूड अ‍ॅलर्जी पॅनेल’ असतं. रक्ताच्या एकाच नमुन्यावर डझनावारी पदार्थ तपासलेले असतात: गहू, दूध, तूरडाळ, शेंगदाणा, वांगं, केळं, मोहरी. प्रत्येकापुढे एक आकडा, त्यापुढे ‘क्लास’, आणि काही ओळी लाल. तक्रार मात्र एकच, पोरगं सारखं पोट दुखतं म्हणतं. त्या लाल ओळी वाचून घरात तोवर गहू बंद झालेला असतो, दूध बंद, डाळींमध्ये फक्त मूग शिल्लक. सोबत आलेली आजी धुसफुसत असते, “याच डाळीवर आम्ही चार पोरं वाढवली.” मी लहान मुलांच्या पोटविकारांचा डॉक्टर. आजीच्या बाजूनं बोलायची वेळ माझ्यावर वरचेवर येते.

त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की त्या पदार्थातल्या प्रथिनाला चिकटणारी आयजीई नावाची प्रतिपिंडं मुलाच्या रक्तात सापडली. आकडा 0.35 च्या वर गेला की बहुतेक प्रयोगशाळा ‘पॉझिटिव्ह’ छापतात. तोच पदार्थ मूल आजवर खात आलंय का, आणि खाल्ल्यावर त्याला काही होतं का, हे यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं. कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली, ती 2016 साली प्रसिद्ध झाली. कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची आयजीई तिथे 26.5 टक्के लोकांच्या रक्तात होती. खाल्ल्यावर त्रासही होतो आणि तपासणीही जुळते, असे निघाले 1.2 टक्के. मधल्या लोकांच्या रक्तात आयजीई होती, पण त्या अन्नाचा जुळणारा त्रास नव्हता.

हे असं का होतं? घरातल्या धुळीत डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि कोळंबीतही जवळजवळ तसंच प्रथिन असतं. त्यामुळे गादी झटकली की शिंकणाऱ्या मुलाच्या रिपोर्टमध्ये कोळंबीही लाल होऊ शकते, मग ते कोळंबीचं कालवण मिटक्या मारत खात असो, नाहीतर कोळंबी कधी उंबऱ्याच्या आत न आलेल्या घरातलं असो. गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असेल तर गहू पॉझिटिव्ह येतो, कारण गहूही गवतच. शेंगदाणा, हरभरा, मसूर एका कुळातले. त्यातला एक लाल झाला की भावंडंही लाल होतात.

उलटा प्रकारही घडतो. बर्फात नीट न ठेवलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामिन तयार करतात, ते शिजवूनही जात नाही. तो खाल्ला की तोंड लालबुंद होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. दिसायला हुबेहूब अ‍ॅलर्जी, पण पंगतीतल्या चौघांना एकदम होते. अशा वेळी मी रक्त काढत नाही. बाकीच्यांना काय झालं, एवढंच विचारतो.

खरी आयजीईची अ‍ॅलर्जी कशी वागते, याचा उत्तम नमुना 1921 सालचा आहे. ब्रेस्लाऊमध्ये हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरांना मासा खाल्ला की अंगावर पित्त उठायचं. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला थोडा सीरम स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे गांध उठली. सीरममधली ती वस्तू म्हणजे आयजीई, हे कळायला 1966-67 उजाडावं लागलं. अमेरिकेत इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निश यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. आज त्वचेवर थेंब ठेवून सुईनं टोचून करतात ती प्रिक टेस्ट याच जातीची. पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची, ती नुसत्या सलाइनच्या थेंबापेक्षा किमान 3 मिलिमीटर मोठी हवी. आदल्या आठवड्यात सर्दी-खाजेची गोळी चालू असेल तर टेस्ट फसते, आणि हे घरी आधी सांगायचं बरेचदा राहून जातं.

म्हणजे ही अ‍ॅलर्जी घाईची आहे. खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, खोकला येतो, छाती वाजते. आणि तो पदार्थ खाल्ला की पुन्हा पुन्हा होतं. श्वास अडला, मूल गळून गेलं, तर मांडीत अ‍ॅड्रिनॅलिन टोचायचं असतं आणि ते तिथल्या तिथे. मोसंबीचा रस पाजत बसायचं नसतं. पण तीन महिन्यांपासून बेंबीभोवती अधूनमधून दुखतं आणि तेही सहसा शाळेच्या सकाळी, असं असेल तर त्याचं उत्तर आयजीईच्या पॅनेलमध्ये शोधण्यात हशील नाही.

याहून महाग असते ‘फूड इनटॉलरन्स टेस्ट’. तिच्यात आयजीजी मोजतात. आयजीजी ही पदार्थ पोटात गेल्याची खूण आहे. रोज पोळी खाणाऱ्या मुलात गव्हाची आयजीजी मिळणारच. ही तपासणी करू नये असं युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं 2008 मध्येच सांगितलं आहे. केसाच्या बटेवरून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांवर मी इथे शाई घालवत नाही.

पण पॅनेल कोरं आलं म्हणून अन्नाचा संबंध नाही, असंही समजू नये. आतड्याच्या काही अ‍ॅलर्जी आयजीईच्या वाटेनं जातच नाहीत. अंगावर पिणाऱ्या, एरवी खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. तेव्हा आईच्या आहारातलं दूध-दही दोन ते चार आठवडे थांबवायचं, आणि मग पुन्हा सुरू करून पाहायचं. हा दुसरा भाग केल्याशिवाय निदान होत नाही, आणि नेमका तोच टाळला जातो. दुसरा आजार याहून फसवा. बाळ खातं, हसतं, आणि एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या सुरू होतात. ते पांढरं पडतं, मलूल होतं. सगळे जंतुसंसर्ग समजून सलाइन लावतात. याचं कारण तांदूळही असू शकतो. आपल्याकडे बाळाच्या तोंडी पहिला घास मऊ भाताचा जातो, त्यामुळे भातावर संशय घ्यायला कुणी धजत नाही. अशा वेळी मी आईला फक्त वेळा लिहून आणायला सांगतो, कधी भरवलं आणि कधी उलटी झाली. दोन-तीन वेळची नोंद हाती आली की रक्ततपासणीपेक्षा जास्त कळतं.

सिलिअ‍ॅक तर अ‍ॅलर्जीच नव्हे. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय आधीपासून होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवानं तो बळावला, आणि 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. याची रक्ततपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीए पाहावी, ती मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी नॉर्मल येते. आणि तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नये. पॅनेल वाचून घरानं दोन महिने गहू सोडलेला असला की माझी मोठी पंचाईत होते. टीटीजी नॉर्मल आली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, मग मुलाला पुन्हा काही आठवडे पोळ्या खाऊ घाला म्हणावं लागतं.

सिलिअ‍ॅक ठरलं की मात्र आपलं स्वयंपाकघर मदतीला येतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं. गोची दोन ठिकाणी होते. एक गिरणी: गव्हापाठोपाठ ज्वारी टाकली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ भाकरीत उतरतं, म्हणून घरघंटी घ्यायला सांगतो. दुसरा हिंग: डबीतल्या हिंगाच्या भुकटीत बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पोळी सोडूनही टीटीजी खाली येत नसेल तर मी आधी फोडणीची चौकशी करतो.

उरतात ती बहुसंख्य मुलं, ज्यांची एकही तपासणी बोट दाखवत नाही. ब्रिस्टलचे जॉन अ‍ॅपली यांनी 1958 मध्ये हजार शाळकरी मुलांची पाहणी छापली. दर दहांत एकाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांच्या शरीरात दोष सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं दूर, तितका खरा आजार असण्याचा संभव जास्त, हा त्यांचा ठोकताळा मी अजून वापरतो. वजन घटणं, उंची खुंटणं, झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, शीतून रक्त, रेंगाळणारा ताप, सांधे सुजणं, यांतलं काही असेल तर मी सगळं सोडून त्याच्या मागे लागतो. आपल्याकडे पोटाचा क्षयही लक्षात ठेवावा लागतो. यांतलं काहीच नसेल, तर पहिला प्रश्न शीचा. “रोज होते” हे उत्तर मी धरत नाही. ती खड्यासारखी आहे का, संडास तुंबतं का, मूल शाळेतलं संडास टाळतं का, हे विचारतो. ‘गूढ’ पोटदुख्यांतल्या कितीतरी बद्धकोष्ठाचं औषध नीट, काही महिने दिल्यावर जातात.

बाकीच्यांच्या आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. रेडिओचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवावा तसं, साधा वायू सरकला तरी त्यांना कळ येते. “त्याला काही झालेलं नाही, नाटकं करतोय” हे वाक्य मी घरच्यांना उच्चारू देत नाही. कळ खरी असते. तरी मुलानं शाळेत जायचं, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो.

आणि त्या लाल ओळी? मूल पूर्वी बिनतक्रार खात होतं, ते पदार्थ परत ताटात यायला हवेत. मात्र आयजीई पॉझिटिव्ह असलेला पदार्थ बरेच महिने बंद ठेवला, तर पुन्हा सुरू करताना कधी कधी खरीखुरी अ‍ॅलर्जी उफाळते, म्हणून तो पहिला घास आमच्यासमोर द्यायचा. चिमूटभरापासून सुरुवात, ठरावीक अंतरानं थोडा थोडा जास्त, हाताशी अ‍ॅड्रिनॅलिन, आणि नंतर काही तास मुलाला खेळायला सोडून नुसतं बघत बसायचं. शेंगदाण्याचा लाडू घरूनच आणायला सांगतो. कॅन्टीनचा चालत नाही, त्यात काय काय घातलंय ते कॅन्टीनवाल्यालाही सांगता येत नाही.