टाळी कुणासाठी?

मुलांनो, एक प्रश्न विचारू? भारताची मॅच चालू आहे. समोरच्या संघाच्या गोलंदाजाने अप्रतिम चेंडू टाकला आणि आपल्या फलंदाजाची दांडी गुल झाली. तुम्ही "अरेरे" म्हणणार, हे ठीकच. पण त्या गोलंदाजासाठी दोन टाळ्या वाजवता का?

आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी हे विचारलं, तर एकजण फटकन म्हणाला, "काका, पण ते दुश्मन आहेत ना!"

दुश्मन! हा शब्द मला खटकला. तशी खुन्नस मलाही आवडते, बरं का. चुरस नसेल तर मॅच कसली? वरच्या आळीची आणि खालच्या आळीची मॅच असली की "एक टप्पा आऊट की नाही" यावरून केवढी भांडणं होतात! पण संध्याकाळी त्याच पोरांबरोबर आपण बर्फाचा गोळा खातो. कारण ती उद्या आलीच नाहीत, तर खेळायचं कुणाशी? ज्याच्यावाचून आपला खेळच होऊ शकत नाही, तो प्रतिस्पर्धी. त्याला दुश्मन कसं म्हणायचं?

मोठ्या खेळाडूंना हे चांगलं ठाऊक असतं. फेब्रुवारी 1980 मधली गोष्ट. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेले होते. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. पण चेंडू बॅटला लागलाच नाही, अशी आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावलं! टेलर आणि इयान बोथम यांनी मग 171 धावांची भागी केली आणि आपण ती कसोटी चक्क दहा गड्यांनी हरलो. तुम्ही म्हणाल, विश्वनाथ वेडाच होता. पण त्या सामन्याचा निकाल आज किती जणांना आठवतो? विश्वनाथचं ते बोलावणं मात्र चाळीस वर्षांनंतरही लोक सांगतात.

आणि हे ऐका. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांची कसोटी होती. तेव्हा यजमान देशाचेच पंच असत आणि "पंचांनी आपल्याच संघाला झुकतं माप दिलं" अशी तक्रार सगळीकडे होई. ती मिटवायला इम्रान खानच्या पाकिस्तानने बाहेरचे पंच बोलावले. कुठले, माहीत आहे? भारताचे! आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. मैदानावरच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यावर एवढा विश्वास!

आता प्रेक्षकांकडे वळू. 1999 मध्ये पाकिस्तानचा संघ तब्बल बारा वर्षांनी भारतात कसोटी मालिका खेळायला आला. वातावरण तापलेलं होतं. दिल्लीच्या मैदानाची खेळपट्टीसुद्धा उखडून टाकली गेली होती. चेन्नईच्या पहिल्या कसोटीत आपल्याला जिंकायला 271 धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकरची पाठ भयंकर दुखत होती, तरी त्याने 136 धावा काढल्या. फक्त 17 धावा उरल्या असताना तो बाद झाला, आणि उरलेले तीन गडी चार धावांत गेले. आपण 12 धावांनी हरलो. तो रविवार मला लख्ख आठवतो. आमच्या घरात कुणी बोलायला तयार नव्हतं.

पण टीव्हीवर एक वेगळंच दृश्य दिसलं. चेन्नईचे हजारो प्रेक्षक उठून उभे राहिले आणि पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवू लागले. त्या खेळाडूंनी मग मैदानाला फेरी मारली. सचिन हरल्याचं दुःख काय त्यांना नव्हतं? होतंच. तरीही त्यांनी चांगल्या खेळाला दाद दिली.

तीनच आठवड्यांनी कोलकात्याला याच दोन संघांची कसोटी झाली. शोएब अख्तरशी टक्कर होऊन सचिन धावबाद झाला आणि प्रेक्षक बिथरले. मैदानात वस्तू फेकल्या गेल्या. स्वतः सचिनला त्यांची समजूत घालावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा पोलिसांनी स्टेडियम रिकामं केलं. त्याच सामन्यात आपल्या जवागल श्रीनाथने 13 बळी घेतले होते! एवढा पराक्रम, पण सामना संपला तेव्हा स्टेडियममध्ये टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नव्हते.

हे जुनं झालं म्हणू नका. आज आपलं प्रेक्षागृह खिशातल्या फोनमध्ये आलंय. बाटली फेकायला आता मैदानात जावं लागत नाही, एक बोट पुरतं. 2022 च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध आपल्या अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला. तेवढ्यावरून लोकांनी त्याला काय काय म्हटलं! एकदा शिव्या द्यायची सवय जिभेला लागली ना, की ती आपलं-परकं बघत नाही.

2025 च्या आशिया चषकात आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही. त्याच वर्षी पहलगामला निरपराध माणसं मारली गेली होती, त्याचं दुःख सगळ्या देशाला होतं. हात मिळवायला हवा होता की नको, यावर घराघरांत दोन मतं होती. तुमच्या घरीही वाद झाला असेल. खुशाल होऊ द्या. त्या देशाशी खेळायचं की नाही, हे मोठी माणसं ठरवतील. पण मॅच बघताना आपल्या तोंडून काय निघतं, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पंचांच्या चुका आता कॅमेरे सुधारतात. चेंडू यष्टीला लागला असता की नाही, हे संगणक सांगतो. रीतभात शिकवणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही. ते काम घरातच व्हायचं. म्हणून आई-बाबांनाही सांगणं, की सोफ्यावरून तुम्ही जे ओरडता, ते शेजारी बसलेलं पोर उद्या शाळेच्या मैदानावर ओरडतं.

मुलांनो, पुढच्या मॅचला एक गंमत करून बघा. वहीत दोन रकाने आखा. एकात आपल्या संघाचे उत्तम फटके, चेंडू, झेल लिहा. दुसऱ्यात समोरच्यांचे. दुसरा रकाना भरण्यासारखा असेल आणि तरीही आपण जिंकलो, तर त्या दिवशी फटाके जरूर वाजवा. तो विजय खरा!