घरी शिकलेले ग्रीक

ग्रीक भाषेचे दोन शब्द आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक म्हाताऱ्या बाईस पाठ होते, आणि ते ग्रीक आहेत हे त्यांतील एकीसही ठाऊक नव्हते. मिस्सा लॅटिन भाषेत होत असे त्या काळची ही गोष्ट. सारी उपासना लॅटिन. पण 'किरिये एलेइसोन' ही दयेची हाक मात्र पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोकांच्या तोंडची, तशीच ग्रीक राहिली होती. उत्तम शुक्रवारी क्रुसाच्या वंदनाच्या वेळी 'आगिओस ओ थेओस' ही आणखी एक हाक कानी पडे, तीही ग्रीकच. आमची आई 'एलेइसोन' म्हणताना 'ले' या अक्षरावर सूर चढवी आणि पुढचे अलगद खाली सोडून देई. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे होतो. अर्थ विचारला, तेव्हा ती म्हणाली, "देवाला समजतो ना? मग पुरे."

सतराव्या वर्षी आम्ही सेमिनरीत दाखल झालो. निघताना आईला वचन दिले की, एक दिवस शुभवर्तमान मूळ भाषेत वाचून दाखवीन. दोन वर्षांनी वडील वारले. पाठीवर तीन भावंडे होती. ग्रीकचा वर्ग तिसऱ्या वर्षी सुरू व्हायचा होता. तोवर आम्ही खानापूर तालुक्यातील आमच्या गावी परत येऊन शाळामास्तर झालो होतो. पुढे सेवानिवृत्तीस सात वर्षे उरली असताना आमच्या धर्मग्रामाचे एक वृद्ध धर्मगुरू बदली होऊन गेले. सामान बांधताना त्यांनी दोन पुस्तके आमच्या हाती ठेवली. एक ग्रीक नवा करार. दुसरे १९६५ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झालेले वेनहॅम यांचे नव्या कराराच्या ग्रीकचे प्राथमिक पुस्तक. तोवर आई वारून बरीच वर्षे झाली होती.

चोवीस अक्षरे चार पहाटांत आली. पुढचे सोपे नव्हते. पण शाळेत संस्कृत शिकलेल्या मनुष्यास एक अनपेक्षित आधार मिळतो. संस्कृतात 'भरति', ग्रीकमध्ये 'फेरेइ'. भूतकाळात संस्कृत धातूच्या आधी 'अ' लावते, तर ग्रीक 'ए' लावते, म्हणून 'अभरत्' आणि 'एफेरे'. सप्तला 'हेप्ता', अष्टला 'ओक्तो', दशला 'देका'. होमरच्या ग्रीकमध्ये संस्कृतासारखे द्विवचनही आहे. शुभवर्तमानाच्या वेळेपर्यंत ते बोलीतून गळून गेले होते, जसे आपल्या मराठीतूनही गेले. हे नाते प्रथम ओळखणाऱ्यांत आपलेच एक धर्मगुरू होते, हे वाचकांस ठाऊक असावे. 'क्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांचे या विषयावरील सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ सालचे; म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे. पहाटे साडेचारला दिव्याखाली बसून 'फेरेइ'शेजारी 'भरति' लिहिताना आपण अगदीच परक्या अंगणात आलेलो नाही, असे आम्हांस वाटे.

संत मार्कच्या सोळा अध्यायांस चौदा महिने लागले. संत मार्क 'लगेच' या अर्थाचा 'एउथुस' हा शब्द सुमारे चाळीस वेळा वापरतो. भाषांतरांत त्यांतील पुष्कळ गाळले वा बदलले जातात, मुळात मात्र तो घाईघाईने धावत आलेल्या निरोप्यासारखा बोलत राहतो. संत योहानापाशी आलो तेव्हा शब्दाने आमच्यांत वस्ती केली या ठिकाणी 'एस्केनोसेन' हे क्रियापद भेटले. त्याच्या मुळाशी 'स्केने', म्हणजे तंबू, आहे. देव आमच्यांत राहिला तो तंबू ठोकून राहिला! त्या दिवशी आम्ही शाळेत उशिरा पोहोचलो.

इथवर सर्व ठीक होते. पुढे जी इच्छा झाली ती तितकी निर्मळ नव्हती, हे कबूल केले पाहिजे. निवृत्तीनंतर आम्ही दूरच्या शहरातील एका संस्थेत प्रापंचिकांसाठी चालणाऱ्या धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमास नाव घातले. त्यात ग्रीकची दोन सत्रे होती, प्रत्येकी तीन क्रेडिटची. आम्हांस वाटले, हे तर आपणांस येतेच. तेव्हा या सहा क्रेडिटांची सूट मागावी. शिकण्यासाठी नव्हे, शिक्क्यासाठी. कुणीतरी कागदावर लिहून द्यावे की, या मनुष्याने सेमिनरी सोडली तरी ग्रीक सोडले नाही. कचेरीतून एका ओळीचे उत्तर आले: प्रमाणपत्र जोडलेले नसल्यामुळे विचार करता येत नाही.

आम्ही रागावलो, आणि रागाच्या भरात हे क्रेडिट म्हणजे काय याचा शोध घेतला. गंमत अशी की, या हिशेबाचे मूळ अमेरिकेतील प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनात आहे. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाने १९०५ साली त्यासाठी निधी दिला. आणि कोणत्या महाविद्यालयांस तो द्यावा हे ठरविताना १९०६ साली विद्यार्थ्याने शाळेत एका विषयात किती तास घालविले याचे माप ठरविण्यात आले. ते माप पुढे जगभर गेले. आपल्याकडील २०२३ सालच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही १२०० तासांच्या अभ्यासास ४० क्रेडिट, म्हणजे तीस तासांस एक, असा हिशेब आहे. आणि अनुभवाने वा पूर्वी मिळविलेल्या ज्ञानाची तपासणी करून त्यास मान्यता द्यावी असेही त्यात म्हटले आहे. आम्ही पेन्सिल घेतली. सात वर्षे, रोज दीड तास, आजारपण व लग्नसराई वजा जाता साडेतीन हजार तास. म्हणजे एकशे सोळा क्रेडिट! परंतु या तासांस साक्षीदार कोण? आमचा कुत्रा. हजेरीपट नाही, घंटा नाही, फी भरल्याची पावती नाही.

तास मोजायचे नसतील तर उरते ती परीक्षा. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या पदवीपरीक्षा कुठेही, कसेही शिकलेल्या मनुष्यास खुल्या केल्या, तेव्हा विचार हाच होता: कुठे बसलास ते विचारत नाही, काय येते ते सांग. आणि आपल्या ख्रिस्तसभेतही दाखला आहे. संत पोप दहावे पायस यांनी १९०९ साली रोम येथे स्थापिलेल्या बायबलविषयक परमधर्मपीठीय संस्थेत हिब्रू व ग्रीक यांवाचून चालत नाही. पण ज्यास त्या भाषा आधीच येतात, त्याने प्रवेशाच्या वेळी परीक्षा देऊन ते दाखवावे आणि पूर्वतयारीचा वर्ग टाळावा, अशी तेथे सोय आहे. दुसऱ्या अर्जात आम्ही हे सारे लिहिले. या वेळी उत्तर कचेरीतून आले नाही, एका वयोवृद्ध प्राध्यापक-धर्मगुरूंचे चार शब्द आले: "या. मी परीक्षा घेतो."

आगगाडीत आम्हांस जॉन ब्राऊनची गोष्ट आठवत होती. हा स्कॉटलंडमधील १७२२ साली जन्मलेला पोरका मेंढपाळ. तो आपल्या पंथाचा नव्हता, पण त्याची गोष्ट आपल्या मुलांनाही सांगण्याजोगी आहे. मेंढरे राखता राखता तो लॅटिन शिकला. मग उसन्या ग्रीक नव्या करारातील वंशावळींची नावे इंग्रजीशी ताडून पाहून त्याने एकेक ग्रीक अक्षर ओळखले. नावे दोन्ही भाषांत सारखीच असणार, ही त्याची युक्ती. स्वतःची प्रत हवी म्हणून सोळा वर्षांचा हा पोर मेंढरे मित्रावर सोपवून रातोरात चोवीस मैल चालत सेंट अँड्र्यूजच्या पुस्तकाच्या दुकानात गेला. फाटक्या कपड्यांतील पोर ग्रीक पुस्तक मागतो हे पाहून सगळे हसले. तिथे आलेल्या एका प्राध्यापकाने पुस्तक पुढे केले आणि म्हटले की, वाचून दाखवलेस तर फुकट घेऊन जा. त्याने वाचले, आणि पुस्तक घेऊन परत मेंढरांकडे चालू लागला. गोष्ट सहसा इथे संपवितात. वस्तुतः पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे: शिक्षकावाचून ग्रीक येते, त्या अर्थी हे सैतानाकडूनच शिकले असणार, असा आरोप त्याच्या स्वतःच्या मंडळीतील लोकांनी केला आणि तो कित्येक वर्षे त्याच्या मागे लागला. प्रमाणपत्र जोडलेले नव्हते ना!

तेव्हा आम्ही मनातल्या मनात ब्राऊन होऊन परीक्षेच्या खोलीत शिरलो. फादरांनी संत लूकच्या शुभवर्तमानातील एम्माउसच्या वाटेचा प्रसंग उघडला. आम्ही घडाघडा वाचला, अर्थ सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी 'तिस' हा शब्द लिहावयास सांगितला, एकदा 'कोण?' या अर्थी आणि एकदा 'कोणी एक' या अर्थी. अक्षरे तीच, भेद केवळ स्वरचिन्हाचा. आम्ही दोन्ही सारखेच लिहिले. त्याचे कारण असे की, वेनहॅम यांनी शिकाऊ लोकांस सोपे जावे म्हणून स्वरचिन्हे जवळजवळ गाळूनच टाकली आहेत. त्यामुळे आम्ही नव्या करारातील त्या बारीक रेघा सात वर्षे पाहूनही पाहिल्या नव्हत्या, भिंतीवरची पाल पाहावी तशा.

मग त्यांनी विचारले, "संत पौल पुनःपुन्हा 'मे गेनोइतो' म्हणतो. त्याचा अर्थ?"

"असे कदापि न होवो."

"बरोबर. हे कोणते रूप?"

आम्ही गप्प. तो इच्छार्थ, ज्याला ग्रीक व्याकरणात ऑप्टेटिव्ह म्हणतात. नव्या करारात तो क्वचित येतो, म्हणून आम्ही तो धडा वरवर चाळला होता. 'मे' म्हणजे संस्कृतातील 'मा', हे मात्र आम्ही घाईने सांगितले. त्यावर ते प्रथमच हसले.

शेवटी त्यांनी झेनोफनच्या 'अनाबासिस'चे एक पान पुढे ठेवले. ख्रिस्तपूर्व ४०१ साली इराणी राजपुत्राच्या चाकरीस गेलेल्या दहा हजार ग्रीक शिपायांची ही कथा. पहिल्या दोन ओळी लागल्या. फौज किती मजला चालली ते कळले. पुढे वाक्य लांबले, क्रियापद कुठे आहे ते सापडेना, आणि निम्म्या पानावर आम्ही थांबलो. घाम पुसला.

फादर हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही शुभवर्तमान वाचत नाही. ते तुम्हांला आठवते. मराठीत पाठ आहे म्हणून ग्रीकमध्ये समजते. ही लहान गोष्ट नाही. पण हे दोन वेगळे आहेत."

सात वर्षांत ही गोष्ट आम्हांस सांगणारे कोणी भेटले नव्हते. कुत्रा कुठून सांगणार? निकाल लेखी आला. पहिल्या सत्राचे तीन क्रेडिट मान्य. दुसऱ्या सत्रास हजर राहावे.

आम्ही घरी आलो ते नाव काढून घेण्याच्या निश्चयाने. अडुसष्टाव्या वर्षी विशीतल्या पोरांशेजारी बसून स्वरचिन्हांची घोकंपट्टी करायची? आम्ही चार दिवस असेच बोलत राहिलो. पाचव्या दिवशी तांदूळ निवडता निवडता पत्नी म्हणाली, "अहो, एकदा सोडलेत ते मामंजी वारले म्हणून. आता कोण वारले आहे?"

दुसऱ्या सत्राचा वर्ग महिन्यातून दोन शनिवारी असतो. आमच्या शेजारी एक सेमिनरीचा मुलगा बसतो. तो आम्हांस मास्तरकाका म्हणतो आणि आमची चुकलेली चिन्हे न विचारता दुरुस्त करतो. तीव्र, मंद आणि संयुक्त अशी ही तीन चिन्हे. ख्रिस्तपूर्व दोनशेच्या सुमारास अलेक्झांड्रियातील पंडितांनी, ग्रीक परक्यांनाही नीट उच्चारता यावी म्हणून ती रूढ केली, असे मानतात. तेव्हा तो आवाजाचा चढउतार होता, वेदपठणातील उदात्तासारखा. 'पिता'मधील उदात्त शेवटच्या अक्षरावर, ग्रीक 'पातेर'मधीलही तिथेच. फादर हे सांगतात तेव्हा फळ्यावर संस्कृत लिहिण्यास आम्हांस बोलावतात. त्या दिवशी आमची पाठ थोडी ताठ होते.

मागच्या खेपेस आज्ञार्थाचा धडा होता. उदाहरण म्हणून फादरांनी 'दया कर' हे रूप वहीत चिन्हासह लिहावयास सांगितले. नियम असा की, क्रियापदात स्वर शक्य तितका मागे जातो, पण शेवटून तिसऱ्या अक्षराच्या पलीकडे नाही. आम्ही बोटांवर मोजले: ए, ले, ए, सोन. शेवटून तिसरे 'ले'. त्यावर तीव्र चिन्हाची रेघ दिली. आई सूर चढवीत असे तो तिथेच.