गावाचं दप्तर

३० जून २०२१ ला राज्य सरकारची अधिसूचना निघाली आणि तेवीस गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. म्हाळुंगे, सूस, नऱ्हे, नांदोशी, कोळेवाडी, वाघोली अशा त्या यादीत आमचं खडकवासलाही होतं. ग्रामपंचायतीचं दप्तर ताब्यात घ्यायला महापालिकेची माणसं येणार, असं कळलं. आबांनी काठी हातात घेतली. "चल, मला पंचायतीत सोड."

आबा माझे चुलते. पूर्वी पंचायतीचे सदस्य होते. गुडघ्यांमुळे आता फारसे बाहेर पडत नाहीत.

ऑफिसात टेबलावर, खुर्चीवर, खिडकीच्या कठड्यावर लाल फडक्यातले गठ्ठे रचलेले होते. घरपट्टीच्या आकारणीचा नमुना आठ, पाणीपट्टीची खाती, जन्म-मृत्यूच्या नोंदी. ग्रामसेवक भाऊसाहेब एकेका रजिस्टरवर बोट ठेवून यादी करत होते. आबांनी जुनं प्रोसिडिंग बुक मागितलं. "बघा की आबा, तुमचंच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

पानं पिवळी पडली होती. निळी शाई पाठीमागून उमटली होती. उपस्थितांच्या सह्यांच्या रांगेत मधेमधे जांभळे अंगठे होते. एका ठरावाखाली आबांचं बोट थांबलं. सूचक म्हणून त्यांचं नाव, अनुमोदक म्हणून त्यांच्या एका मित्राचं. तो मित्र जाऊन बरीच वर्षं झाली. त्याखाली 'सर्वानुमते मंजूर'. आबांनी ते दोन शब्द मोठ्याने वाचले आणि वही मिटली.

पुण्याशी आमचं नातं त्या अधिसूचनेच्या कितीतरी आधीचं, पाण्याचं. १८७९ मध्ये मुठेवर दगडी धरण पूर्ण झालं. इंग्रजांनी जलाशयाला फाइफ या अभियंत्याचं नाव दिलं आणि कालव्यानं पाणी शहराकडे निघालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही फोडली. आबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. ते पुराचं फारसं सांगत नाहीत, नंतर उघड्या पडलेल्या तळाचं सांगतात. गाळ, त्यात रुतलेली झाडं आणि काठावर गप्प उभी असलेली मोठी माणसं. इथेच १९४९ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची पायाभरणी झाली. धरणांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास करणारं केंद्रही इथलंच. एवढ्या मोठ्या संस्थांच्या शेजारी गावाचा कारभार मात्र दोन खोल्यांतून चालायचा.

त्या दोन खोल्यांचं बळ ग्रामसभेत होतं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं तिला कायद्याचा आधार दिला, १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं घटनेचा. वर्षाला चार सभा, आणि त्याआधी फक्त बायकांची सभा. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तो. सभेला मतदार यादीतलं कोणीही यावं, उभं राहावं, विचारावं. मी कॉलेजात असतानाची एक सभा अजून डोळ्यांसमोर आहे. पदर खोचून एक म्हातारी उठली. "नवीन ठराव मग घ्या. मागचा झाला का, ते आधी वाचा." सरपंच उभे राहिले, वही उघडली आणि ओळन् ओळ वाचली. ऐकेपर्यंत म्हातारी खाली बसली नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण वहीत काय असायला हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं. लोकशाही म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

गाव शहरात जायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. सिंहगड रस्त्यानं इमारती वर चढत आल्या. त्यांचं सांडपाणी आणि कचरा पेलणं शेतकरी गावासाठी उभारलेल्या पंचायतीच्या आवाक्यातलं नव्हतं. चौपाटीवर दर रविवारी कणसं-भजी खायला येणारी गर्दीच बघावी. मोठ्या कामाला मोठी यंत्रणा लागते, हे आबाही मान्य करतात. पण सभा गेली याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं आणि मलाही. शहरांतही मतदारांची क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद राज्यानं २००९ मध्ये कायद्यात केली. आमच्यासारख्या नव्यानं आलेल्या गावांत तरी ती आधी भरायला हवी, असं मला फार वाटतं. इथल्या लोकांना विचारायची सवय आहे.

त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आले. सरपंच गेले होते, नगरसेवक आले नव्हते. मतदानाचा दिवस उजाडला तो थेट १५ जानेवारी २०२६ ला.

त्या दिवशी आबांना मी गाडीवर मागे बसवून नेलं. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून मतंही चार. बोटावरची शाई वाळेपर्यंत ते केंद्राबाहेरच्या झाडाखाली बसले.

"चार बटणं दाबली," ते म्हणाले. "आता या चौघांना एकत्र कुठे गाठायचं?"

मी क्षेत्रीय कार्यालयाचं नाव सांगितलं. आबांनी खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि तिथे जायला बस कुठून मिळते ते विचारलं.