दोन बाण

आदिपर्वातील द्रोणांची परीक्षा आम्ही उभयतां गेली अठरा-वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला कृत्रिम भास पक्षी, 'काय दिसते?' हा प्रश्न, झाड, गुरू आणि भाऊ असे सगळेच दिसणारा युधिष्ठिर, आणि पक्ष्याच्या मस्तकापलीकडे काहीच न दिसणारा अर्जुन. एकाग्रतेचा दृष्टान्त म्हणून हा प्रसंग इतका झिजला आहे की, खरे उत्तर देऊनही युधिष्ठिराला बाजूला व्हावे लागले, हे कोणाला खटकत नाही. (साहित्याच्या अध्यापकाला वर्गात वास्तविक युधिष्ठिरच हवा असतो; पण ते असो.)

गेल्या दिवाळीनंतर आमच्या आठ वर्षांच्या मुलीला धनुर्विद्येचा ध्यास लागला. आमचा एक विद्यार्थी सातपुड्यातला, महाविद्यालयाच्या तिरंदाजी संघात खेळणारा. त्याने गावाकडून बांबूचा लहानसा कामठा आणि टोकाला चिंध्या गुंडाळलेले बाण आणून दिले. दोरी ओढून दाखवली ती तर्जनी आणि मधले बोट यांनी, अंगठा बाजूलाच. एकलव्याच्या स्मरणार्थ भिल्ल अंगठा लावत नाहीत, असे सांगितले जाते. आजच्या ऑलिम्पिकमधले तिरंदाजही तीन बोटांनीच दोरी ओढतात. अंगठ्याने ओढण्याची रीत आशियात मोठी होती. मोगलांच्या जेडच्या अंगठ्या संग्रहालयांत दिसतात, त्या याच कामाच्या. महाभारतकार मात्र प्रामाणिक आहे. अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई उरली नाही, एवढे तो सांगून ठेवतो.

विद्यार्थ्याने जाताना दोन नियम घालून दिले. बाण न लावता ताणलेली दोरी सोडायची नाही, कामठा फुटतो; आणि कामठा खाली ठेवल्याशिवाय कोणीही बाण वेचायला जायचे नाही. बाकीचे शिक्षण आम्ही अंगावर घेतले. परसात पेंढा भरलेले गोणपाट टांगले, दहा पावलांवर रेघ मारली. बाण रोज डावीकडे जात. आम्ही खांदा सरळ कर म्हणालो, कोपर वर घे म्हणालो, श्वास रोख म्हणालो. अखेरीस, अध्यापकाची सवय, आमच्यापैकी एकाने विचारले, "काय दिसतंय तुला?"

"बाबा, दोन बाण दिसतात."

"नीट बघ. एकच आहे."

तिने नीट पाहिले. पुन्हा दोनच दिसले असावेत, कारण ती गप्प राहिली. त्यानंतर आठवडाभर ती विचारले की 'एक' म्हणे. बाण डावीकडेच जात राहिले.

तो विद्यार्थी पुन्हा आला तेव्हा त्याने कामठ्याला हातही लावला नाही. तिला दोन्ही हात लांब करून तळव्यांची खिडकी करायला लावली, तिच्यातून समोरच्या पपईचे एक फळ पाहायला सांगितले, मग एकेक डोळा मिटायला. उजवा मिटला तरी फळ जागेवर. डावा मिटला की नाहीसे. "सर, हिचा डावा डोळा जोर करतो. उजव्या हातानं ओढलं तर बाण डावीकडंच जाणार. दोन दिसतात म्हणाली नाही का कधी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्हां दोघांपैकी एकाचा डावा हात शाळेत पट्टी खाऊन उजवा झाला आहे. त्या गुरुजींविषयी या घरात कित्येकदा कडवटपणे बोलणे झाले आहे. आमच्या हातात पट्टी नव्हती, इतकाच फरक.

"आम्हीच चुकलो," असे आम्ही तिला सांगितले. तिने ते फारसे मनावर घेतले नाही. तिला डाव्या हाताने ओढून पाहायचे होते. त्या हातात अजून बळ नाही. पहिले पाच बाण गोणपाटापर्यंत पोचलेच नाहीत. वाटेतच मातीत पडले, पण एका ओळीत. ते वेचायला जाण्याआधी तिने कामठा खाली ठेवला आणि आम्हांला रेघेमागे सरकायला सांगितले.