शीर्षक कोणासाठी?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. त्याला हातभार लावायचा तर कोडच लिहायला हवा, असं बहुतेकांना वाटतं. मी मात्र रविवारी तासभर अशा सॉफ्टवेअरची माहितीपानं सुधारतो, आणि त्यातही मुख्यतः शीर्षकं. घरचे हसतात, "बीई झाला आणि मथळे बदलत बसला!"

एका प्रकल्पाच्या पानावर इंग्रजीत ‘सूचना’, ‘इतर’, ‘प्रगत माहिती’ अशा अर्थाची शीर्षकं होती. ज्याने पान लिहिलं त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं. पण रात्री अकरा वाजता ज्याचा सर्व्हर बंद पडलाय, त्याने ‘इतर’ का उघडावं? मी तिथे ‘डेटाबेसचा पासवर्ड बदला’, ‘जुनी आवृत्ती परत आणा’ असं सुचवलं. गूगलच्या डेव्हलपर लेखन-मार्गदर्शिकेतही, काम सांगणाऱ्या भागाचं शीर्षक क्रियापदाने सुरू करा, असंच सांगितलंय.

त्यावर प्रकल्पातल्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "मजकूर तोच आहे, मग फरक काय पडतो?"

एनव्हीडीए हा अंध व्यक्तींसाठीचा, स्वतःही ओपन सोर्स असलेला स्क्रीन रीडर आहे. त्यात ‘एच’ दाबलं की आवाज थेट पुढच्या शीर्षकावर जातो. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तसं अंध प्रोग्रामर शीर्षकं ऐकत पुढे जातो. त्याला नुसतं "सूचना, इतर, सूचना" ऐकू आलं, तर मजकूर कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी दार बंदच! हे मी लिहिलं, आणि बदल स्वीकारला गेला.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. गिटहबवर शीर्षकाच्या शब्दांवरूनच त्या भागाची लिंक तयार होते. शीर्षक बदललं की इतरांनी जपून ठेवलेली जुनी लिंक त्या भागापर्यंत पोचत नाही. म्हणून जुन्या नावाची खूण तिथे ठेवावी लागते, घर बदलल्यावर जुन्या दारावर नवा पत्ता लावतो तशी.

तुम्हीही करून बघा. पुढच्या वेळी मंडळाचं पत्रक काढाल, तेव्हा मजकूर झाकून फक्त शीर्षकं वाचा. ‘महत्त्वाची सूचना’ यातून काहीच कळत नाही. ‘गणेशोत्सवाची वर्गणी 10 तारखेपर्यंत भरा’ म्हटलं, तर चष्मा न सापडलेल्या आजोबांना नातवाने तेवढीच ओळ वाचून दाखवली तरी पुरते.