बेरी आणि ग्लिसरीन

लोणी कढविल्यावर तुपाखालीं जी बेरी उरते, ती टाकून देणारी गृहिणी आमच्या घराण्यांत तरी झाली नाहीं. साखर घालून मुलांच्या हातावर ठेवली, कीं तिचेंच पक्वान्न होतें. मुख्य पदार्थाची काळजी सारेच घेतात. उरल्यासुरल्याचें काय करावें हें ज्यास कळतें, त्याचा संसार नीट चालतो, असें आमचें जुनें मत आहे.

वनस्पतितेलापासून डिझेल करतात, तेथेंही अशीच बेरी उरते. तेलाचा मिथेनॉलशीं संयोग घडविला म्हणजे दर दहा किलो इंधनामागें सुमारें एक किलो ग्लिसरीन निघतें. शेले नांवाच्या स्वीडिश रसायनज्ञानें अठराव्या शतकांत ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवितांना हें गोड द्रव्य प्रथम मिळविलें. त्याचें नांवही गोडी दर्शविणाऱ्या ग्रीक शब्दावरूनच पडलें. पण २००० सालानंतर युरोप-अमेरिकेंत हें डिझेल वाढलें, आणि ग्लिसरीन इतकें सांचलें कीं त्याचा भाव कोसळला.

मग शास्त्रज्ञ त्याच्या उपयोगाच्या शोधास लागले. ग्लिसरीनच्या रेणूंत कार्बनचे तीन अणु एका ओळींत असून प्रत्येकास एकेक ऑक्सिजन जोडलेला असतो. हायड्रोजनच्या साह्यानें टोकाचा एक ऑक्सिजन दूर केला, तर औषधांत व राळांत लागणारें प्रॉपिलीन ग्लायकॉल तयार होतें. एरव्हीं तें बहुधा खनिज तेलापासून काढावें लागतें. अडचण एवढीच, कीं ऑक्सिजन सुटावा, पण कार्बनची सांखळी तुटूं नये. हा विवेक तांब्यास असतो. पूर्वीं तांब्यास क्रोमियमची जोड देत. परंतु क्रोमियमचीं कांहीं रूपें विषारी. म्हणून पुण्यांत, पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत, डॉ. चंद्रशेखर रोडे व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालच्या सुमारास तांबें व ॲल्युमिनियम ह्यांचा उत्प्रेरक ह्या कामीं वापरून दाखविला.

कृति ऐकून आम्हांस वैद्यांच्या भस्मांचें स्मरण झालें. दोन्ही धातूंच्या क्षारांचें द्रावण एकत्र करून त्यांत सोड्यासारखा अल्कली घालावयाचा. खालीं बसलेला साका धुवून, वाळवून भट्टींत भाजावयाचा. अशीं मिश्र ऑक्साइडें घन असल्यामुळें काम झाल्यावर गाळून परत वापरतां येतात. विरघळलेल्या उत्प्रेरकाप्रमाणें तीं मालांतून निराळीं काढण्याचा खटाटोप पडत नाहीं.

आमची पुतणी ह्याच विषयावर संशोधन करते. तिचे वडील, आमचे धाकटे बंधु, परवां म्हणाले, "दादा, चार वर्षें झालीं. पोर भुकटी भाजते, मोजते, पुन्हां भाजते. शिष्यवृत्ति संपत आली. तिच्याबरोबरीच्या मुली नोकरीस लागल्या. तुम्हीच तिला समजावा."

आम्हीं प्रथम तिलाच विचारलें. ती म्हणाली, "काका, उत्प्रेरक झिजत नाहीं असें पुस्तकांत असतें. प्रत्यक्षांत उष्णतेनें तांब्याचे बारीक कण एकमेकांस चिकटून मोठे होतात, आणि त्याची शक्ति उतरते. पहिल्या दिवशीं सारेच उत्प्रेरक चांगले दिसतात. शेंकडों तास चालवून पाहिल्याशिवाय कोणता टिकतो तें कळत नाहीं."

तीस-बत्तीस वर्षें रूपें पाठ करून घेण्यांत घालविलेल्या मास्तरास ह्याहून अधिक पुरावा नको होता. पहिल्या परीक्षेंत चमकणारीं आणि पुढें टिकणारीं मुलें नेहमीं एकच नसतात, आणि हें भेद सांगण्यास काळ हाच एक परीक्षक आहे. बंधूंस आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं आणखी एक वर्ष तिचा खर्च आम्हीं आपल्या निवृत्तिवेतनांतून चालवूं. तिनें मध्येंच हात काढून घेतला, तर चार वर्षेंच बेरीसारखीं वायां जातील, आणि त्यांत साखर घालण्यास कोणी उरणार नाहीं. बंधु कांहीं बोलले नाहींत. परंतु दुसरे दिवशीं आपला निम्मा वांटा घेऊन आले.